शब्दचर्चा: 'इन्व्हेजन'ला मोहीम म्हणावं की परचक्र?

अनुवादाचा हमाल
एका दिवाळी अंकासाठी रशिया-युक्रेन युद्धावरचा इंग्रजी लेख मराठीत आणतोय. तीन दिवस एकाच वाक्यापाशी अडलोय. मतलब एवढाच आहे की रशियात या 'कॉस्टली इन्व्हेजन'बद्दल 'पब्लिक फ्रस्ट्रेशन' आहे आणि जगाला 'न्यूक्लिअर एस्कलेशन'ची भीती वाटतेय. माझा पहिला खर्डा: "महागड्या मोहिमेबद्दल सार्वजनिक नैराश्य असून आण्विक वृद्धीची भीती आहे." बायकोने वाचून विचारलं, "वृद्धी कशाची, ठेवींची?" मदत करा.

टाकबोरू
वहिनींना नमस्कार सांगा. 'सार्वजनिक' हा शब्द मराठीने गणेशोत्सव, वाचनालय आणि शौचालय यांच्यासाठी राखून ठेवलाय. नैराश्य सार्वजनिक नसतं. 'लोकांमध्ये' म्हणा, झालं.

'मोहीम' मात्र ताबडतोब काढा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'महत्त्वाचं काम', फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि शिवकाळापासून त्याला वलय चिकटलं. मोहीम फत्ते होते, मोहिमेवर कूच होतं. आज पल्स पोलिओची मोहीम असते, नालेसफाईची असते. मराठी माणसाच्या कानाला मोहीम म्हणजे चांगलं काम, नाहीतर निदान शूर काम. दुसऱ्याच्या देशात रणगाडे घालण्याला तो शब्द दिला की निम्मी वकिली आपणच केली.

अनुवादाचा हमाल
पण काका, 24 फेब्रुवारी 2022 ला पुतिन जे बोलले त्याचं भाषांतर मराठी पेपरांनी 'विशेष लष्करी मोहीम' असंच केलं होतं ना?

टाकबोरू
केलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. रशियन जाणणारं कोणी आहे का इथे?

समोवार
आहे. पुण्यात चार वर्षं रशियन शिकले, आता त्यातलं निम्मं गंजलंय. मूळ शब्द 'स्पेत्सियाल्नाया वोयेन्नाया ओपेरात्सिया'. ओपेरात्सिया हा अगदी कोरडा, कार्यालयीन शब्द आहे. बँकेतला व्यवहारही ओपेरात्सिया आणि अपेंडिक्स काढणं हीसुद्धा ओपेरात्सियाच. त्यात शौर्य नाही, उलट 'काही विशेष घडत नाहीये, तज्ज्ञ बघतायत, तुम्ही घरी जा' असा सूर आहे. मराठीत 'विशेष लष्करी कारवाई' जास्त जवळचं. कारवाई नगरपालिकाही करते.

या शब्दामागे कायदा उभा होता हे विसरू नका. हल्ल्यानंतर दोनच दिवसांत तिथल्या माध्यम-नियंत्रक खात्याने वृत्तसंस्थांना 'हल्ला', 'आक्रमण' असले शब्द काढायला सांगितलं. 4 मार्च 2022 ला कायदा आला: सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर 15 वर्षांपर्यंत कैद. मॉस्कोतले नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव यांनी महापालिकेच्या बैठकीत युद्धाला युद्ध म्हटलं, त्यांना जुलै 2022 मध्ये 7 वर्षांची शिक्षा झाली. आणि त्याच वर्षी 22 डिसेंबरला खुद्द पुतिनच पत्रकारांपुढे 'युद्ध' म्हणून गेले! पीटर्सबर्गच्या एका नगरसेवकाने लगेच तक्रार ठोकली की यांच्यावरही तोच कायदा लावा.

नाक्यावरचा
तो नगरसेवक आपल्या वॉर्डात पाहिजे होता.

टाकबोरू
समोवार ताई, छान. आता आपल्या कोठारात काय आहे ते बघू. मराठीत एकाच कृत्याला वेगवेगळ्या तोंडांतून वेगवेगळी नावं आहेत. जाणारा म्हणतो स्वारी, मोहीम, चढाई. ज्याच्यावर जातात तो म्हणतो परचक्र. बाजूला उभा राहून बघणारा म्हणतो आक्रमण. 'परचक्र आलं' हे कोणीही हल्लेखोराच्या बाजूने म्हणूच शकत नाही, शब्दाची घडणच तशी आहे. 'स्वारी' तर आता इतकी गुळगुळीत झालीय की नवरा भाजी आणायला निघाला तरी 'आमची स्वारी निघाली'.

युक्रेनी माणसाच्या तोंडी वाक्य असेल तर परचक्र वापरा. बातमीदाराच्या तोंडी आक्रमण. 'चढाई' क्रिकेट आणि कबड्डीने पळवली, ती त्यांनाच ठेवू द्या.

पांढरी माती
परचक्र जुनाट वाटतं हो. नव्या पिढीला चक्रीवादळ वाटेल.

टाकबोरू
वाटू दे. फार चुकणार नाही.

भुसावळ पॅसेंजर
मी भाषेतला नाही, पण एक सांगतो. माझी भाची खारकीवला मेडिकलला होती. त्या आठवड्यात फोन लागला की ती म्हणायची, "मामा, गोळे पडतायत." मेट्रोच्या स्टेशनात जमिनीखाली बसून बोलायची. नंतर 'ऑपरेशन गंगा'त परत आली. घरी आल्यावर आजीने विचारलं, काय झालं गं तिकडे? तर म्हणाली, "आजी, त्यांनी गोळे टाकले." मला तेव्हाच जाणवलं. तिकडे असताना 'पडतायत', सुटून आल्यावर 'टाकले'.

समोवार
दादा, हे फार मोलाचं आहे. रशियन बातम्यांची सगळी कसरत नेमकी 'टाकले'चं 'पडले' करण्याची आहे. रशियाच्या हद्दीत स्फोट झाला की बातमीत 'स्फोट' यायचा नाही, 'ख्लोपोक' यायचा, म्हणजे 'ठप्प असा आवाज'. गंमत अशी की आघात बदलला की त्याच अक्षरांचा अर्थ कापूस होतो. युक्रेनी लोकांनी तो मुद्दाम कापूस असा वाचला आणि आपल्या भाषेत उलथा केला: 'बावोव्ना'. तेव्हापासून रशियात कुठे दारूगोळ्याचं कोठार उडालं की युक्रेनी म्हणतात, "कापूस फुलला."

माघारीलाही असंच नाव. जून 2022 च्या शेवटी रशियाने काळ्या समुद्रातलं स्नेक बेट सोडलं ते 'सदिच्छा म्हणून'. सप्टेंबरात खारकीव प्रांतातून मागे हटले ती 'फेरजुळणी'.

जुनी बखर
याला आपल्याकडचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. पानिपताची बातमी सावकारी पत्रातून आली ती अशी: दोन मोती गळाले, इतक्या मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोहरांच्या आकड्यात पाठभेद आहेत. पण पत्र वाचणाऱ्याला मोती कोण ते कळलं. तिथे शब्द लपवत नव्हता, सांगत होता.

समोवार
मग रशियन सैनिकांचं 'ग्रूझ 200' याच जातीचं. 'माल क्रमांक 200' म्हणजे घरी पाठवलेलं प्रेत. अफगाणिस्तानच्या युद्धातला शब्द, जस्ताच्या पेट्या यायच्या तेव्हाचा. 300 म्हणजे जखमी. या युद्धात 500 हाही आकडा रूढ झाला: लढायला नकार देणारा. सरकारी शब्द एकीकडे आणि आयांच्या, शिपायांच्या तोंडचे शब्द दुसरीकडे. सप्टेंबर 2022 मध्ये 3 लाख राखीव सैनिकांना बोलावलं, सरकारी नाव 'अंशतः मोबिलिझात्सिया'. निदर्शकांनी एक अक्षर बदलून 'मोगिलिझात्सिया' केलं. मोगिला म्हणजे थडगं.

अनुवादाचा हमाल
यातून माझं 'फ्रस्ट्रेशन' सुटेल असं वाटतंय. 'नाराजी' चालेल का?

नाक्यावरचा
नाराजी तिकीट न मिळालेल्याची असते. दोन दिवसांत महामंडळ मिळालं की जाते.

टाकबोरू
अगदी. 'असंतोष' बरा, पण त्याला पुढे उठाव लागतो. टिळकांना असंतोषाचे जनक म्हणतात ते उगाच नाही, त्या शब्दात हालचाल आहे. 'वैताग' लोकलच्या गर्दीचा. 'उद्वेग' संपादकीयातला. 'त्रागा' म्हणजे राग स्वतःवरच काढणं.

पांढरी माती
माझं मत 'चडफडाट'. आजी म्हणायची, "नुसता चडफडतोय." म्हणजे राग आहे, कारण आहे, पण करता काही येत नाही, बोलायचीही सोय नाही. फ्रस्ट्रेशनमध्ये अडवणूक असते, ती यात बरोबर येते.

समोवार
पूर्णपणे सहमत. मार्च 2022 मध्ये मारिना ओव्ह्स्यान्निकोवा रशियाच्या सरकारी चॅनल वनच्या थेट बातम्यांत 'युद्ध नको' असा फलक घेऊन घुसली, ते सगळ्यांना दिसलं. पण रस्त्यावर लोक नुसत्या चांदण्यांचे फलक धरत होते: तीन चांदण्या, जागा, पाच चांदण्या. रशियनमध्ये 'युद्ध नको'ची अक्षरं तीन आणि पाच. त्यावरही पकडलं. पुढे 2023-24 च्या हिवाळ्यात, भरती केलेल्यांच्या बायका डोक्याला पांढरे रुमाल बांधून क्रेमलिनच्या भिंतीशी अज्ञात सैनिकाच्या स्मारकावर फुलं वाहू लागल्या. मागणी एकच, आमची माणसं घरी पाठवा. घोषणाही नाही, फुलं! हा चडफडाटच आहे.

'कॉस्टली'बद्दल: महागडं नको, महागडा फोन असतो. खर्चिक तर मुळीच नको, खर्चिक लग्न असतं आणि ते हौसेने करतात. 'महागात पडलेलं' म्हणा. ठरवलं एक, बिल भलतंच आलं. डिसेंबर 2023 मध्ये वार्षिक प्रश्नोत्तरांत एका पेन्शनर बाईने अंड्यांच्या भावाची तक्रार केली आणि पुतिन यांना माफी मागावी लागली. प्रेतांबद्दल नाही, अंड्यांबद्दल.

अनुवादाचा हमाल
लिहून घेतलं. आता शेवटचा डोंगर, 'न्यूक्लिअर एस्कलेशन'. 'अणुसंघर्ष चिघळण्याची भीती'?

टाकबोरू
'चिघळणे' जखमेचं. जखम आपोआप चिघळते, कोणी चिघळवत नाही. 'विकोपाला जाणे', 'भडकणे', 'पेटणे' यांनाही तीच खोट: आजार किंवा वणवा, कर्ता गायब. ख्लोपोकचीच मराठी बहीण! आपले पेपर काश्मीरपासून ऊसदरापर्यंत सगळं 'चिघळवतात' आणि कोणी चिघळवलं ते सांगायची जबाबदारी टाळतात. मी प्रूफं तपासायचो तेव्हा हा शब्द दिसला की कडेला 'कोणी?' लिहायचो. संपादक माझ्यावर चडफडायचे.

इंग्रजी शब्दात जिना आहे. 1965 मध्ये हर्मन कान्ह या अमेरिकी अभ्यासकाने युद्धाची 44 पायऱ्यांची शिडीच मांडली होती. पायरी कोणीतरी चढतं, ती आपोआप चढली जात नाही.

पांढरी माती
आपल्याकडेही शिडी आहेच की. कुरबूर, बाचाबाची, हमरीतुमरी, हातघाई, डोकी फुटणे. बांधावरच्या भांडणात सगळ्या पायऱ्या क्रमाने येतात.

टाकबोरू
वा! फरक एवढाच की बांधावर डोकी फुटली की पोलीस पाटील येतो.

जुनी बखर
मग 'धमकी', 'धाक' आणि 'हूल' यांतही भेद ठेवा. 27 फेब्रुवारी 2022 ला पुतिन यांनी अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या दलांना विशेष सज्जतेचा हुकूम दिला, तो धाक. वापरायचं नाही, पण दिसलं पाहिजे. सप्टेंबरात भरतीच्याच भाषणात ते म्हणाले, हा ब्लफ नाही. तिथे 'ही हूल नाही' याहून नेमकं मराठी मला सुचत नाही. रशियाचे माजी अध्यक्ष मेदवेदेव दर थोड्या दिवसांनी जे बोलतात त्याला मी 'गुरकावणं' म्हणेन.

भीतीतही फरक आहे. घडण्याआधीची ती धास्ती, घडून गेल्यावर बसतो तो धसका. झापोरिझ्झियाचा अणुप्रकल्प, युरोपातला सगळ्यात मोठा, सहा अणुभट्ट्यांचा, रशियन सैन्याच्या हाती गेला. सप्टेंबर 2022 मध्ये पोलंडने अग्निशमन केंद्रांना आयोडिनच्या गोळ्या वाटून ठेवल्या. ही धास्ती. चेर्नोबिलचा धसका 1986 पासून होताच.

भुसावळ पॅसेंजर
'छोटा अणुबाँब' असं चॅनलवाले म्हणायचे, ते काय?

जुनी बखर
'टॅक्टिकल'चं ते भाषांतर, आणि वाईट भाषांतर. रणांगणावर वापरायचं अण्वस्त्र म्हणा. त्यातली काही हिरोशिमाच्या बाँबएवढी आणि त्याहून मोठीही असतात. हिरोशिमाचा सुमारे 15 किलोटनांचा होता. छोटा म्हणजे लवंगी नव्हे. हिंदी चॅनलवरून 'परमाणु'ही उचलू नका. हिंदीत परमाणु म्हणजे आपला अणू, आणि त्यांचा अणु म्हणजे आपला रेणू.

अनुवादाचा हमाल
सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं झालंय:

"महागात पडलेल्या या आक्रमणामुळे रशियात लोकांचा चडफडाट वाढतो आहे, आणि रशिया अणवस्त्रांची पायरी चढेल अशी बाहेर धास्ती आहे."

बायको म्हणाली, आता कळलं.

टाकबोरू
कर्ता आला, फार छान. पण अणवस्त्र नव्हे हो, अण्वस्त्र. अणु अधिक अस्त्र, उकाराचा व होतो. ण पाय मोडका.

अनुवादाचा हमाल
दुरुस्त केलं. अंक छापायला गेला की कळवतो.

नाक्यावरचा
मानधन आलं की कळवा. दिवाळी अंकाचं ना? म्हणजे बहुतेक पुढच्या दिवाळीला.