'कव्हरेज'ला मराठीत काय म्हणावे: विमा, कवच, छत्र की आणखी काही?

भाषांतरी
अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाने प्रत्येक रहिवाशाच्या आजारपणाचा भार सामाईकपणे का उचलावा, यावरच्या एका दीर्घ लेखाचे भाषांतर मी सध्या करतो आहे. त्यातील 'युनिव्हर्सल हेल्थ कव्हरेज' या शब्दांपाशी अडलो. मी 'सार्वत्रिक आरोग्यसंरक्षण' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून सगळीकडे 'वैश्विक आरोग्य विमा' केले आणि समासात 'हाच शब्द रूढ आहे' अशी टीप लिहिली. अडचण अशी की तिसऱ्याच परिच्छेदात ब्रिटनचे उदाहरण येते. तिथे ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा चालू आहे, तिचा खर्च मुख्यतः करांतून होतो, आणि रुग्णाजवळ त्यासाठी ना पॉलिसी असते ना तो हप्ता भरतो. तिथे 'विमा' लिहिले तर वाक्य सरळसरळ खोटे ठरते. आपण काय लिहाल?

शब्दनिष्ठ
आधी 'वैश्विक' काढून टाका. किरण वैश्विक असतात. एका देशातील सगळ्या माणसांना मिळणारी गोष्ट वैश्विक कशी होईल? 'सार्वत्रिक'ही मला पूर्णपणे पटत नाही, कारण तो 'सर्वत्र'पासून सिद्ध झालेला, म्हणजे मुळात स्थलवाचक आहे. इथे मुद्दा सगळीकडे हा नसून सगळ्यांना हा आहे. म्हणून 'सार्वजनीन' हाच शुद्ध आणि नेमका शब्द.

जुनी पाटी
'सार्वत्रिक मताधिकार' आपण शाळेपासून म्हणत आलो आणि त्याचा अर्थ 'सगळीकडे मत देण्याचा अधिकार' असा कोणाही विद्यार्थ्याने लावल्याचे मला आठवत नाही. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, व्युत्पत्तीने नव्हे. शिवाय तुमचे 'सार्वजनीन' दहांपैकी नऊ वाचक 'सार्वजनिक' असेच वाचतील, आणि मग शब्दाची नव्हे तर वस्तुस्थितीची चूक होईल. कॅनडात आवश्यक वैद्यकीय उपचारांचे पैसे प्रांतांच्या सरकारी योजना भरतात, परंतु तिथले बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक आहेत. सर्वांना मिळणे आणि सरकारने चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरोधकांना नेमका तोच घोटाळा हवा असतो. तो आपण आयता कशाला करून द्यावा?

शब्दनिष्ठ
वाचक चुकीचे वाचतात म्हणून बरोबर शब्द सोडायचा असेल, तर ही चर्चाच कशासाठी करायची?

फारसीप्रेमी
'विमा' या शब्दावर इतका राग नको. फारसीत 'बीम' म्हणजे भीती, आणि 'बीमा' त्यातूनच आला असावा असे माझे मत आहे. आपला 'भी' धातू त्याच कुळातला. भीतीवर केलेली सामाईक तजवीज म्हणजे विमा. मग ती हप्त्याने करा की कराने, अर्थाला बाध येत नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांसाठी आणलेली व्यवस्था विम्याचीच होती. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येक रहिवाशाला खासगी कंपनीकडून मूलभूत आरोग्य विमा घ्यावाच लागतो. कोणी आजारी आहे म्हणून कंपनीला त्याला नाकारता येत नाही. तिथे विमाही आहे आणि तो सर्वांचाही आहे.

भाषांतरी
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण आजचा मराठी वाचक 'विमा' म्हटले की भीती नव्हे, हप्ता आठवतो. हप्ता थकला की संरक्षण संपले, हे त्या शब्दातच बसले आहे. माझ्या लेखकाचे सगळे म्हणणे त्याच्या विरुद्ध दिशेला जाते.

ओहायोवासी
मी बरीच वर्षे अमेरिकेत राहते, म्हणून एक अनुभव सांगते. २०१९ साली माझ्या मुलीचे मनगट मोडले. खिडकीवरच्या बाईंनी कार्ड पाहून 'यू आर कव्हर्ड' असे हसून सांगितले आणि मी निश्चिंत झाले. रुग्णालय आमच्या योजनेच्या नेटवर्कमध्ये होते; भूल देणारे डॉक्टर मात्र नव्हते, आणि त्यांचे वेगळे बिल दीड महिन्याने घरी आले. अशा बऱ्याच बिलांना २०२२ पासून कायद्याने आळा बसला आहे, पण त्या एका शब्दावरचा माझा विश्वास तेव्हा उडाला तो उडालाच. 'संरक्षण' हा शब्द जे वचन देतो ते इथले 'कव्हरेज' देत नाही. 'डिडक्टिबल'चेही तसेच. मराठीत 'वजावट' लिहिले की वाचकाला बिलातून रक्कम कमी झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती रक्कम आधी आपल्याच खिशातून जाते आणि मगच कंपनी हात सैल करते.

कर्णकुंडल
मग 'कवच' घ्या. कर्णाचे कवच जन्मजात होते, त्याने ते विकत घेतले नव्हते, आणि लेखकाला तेच तर म्हणायचे आहे.

जुनी पाटी
कर्णाचे कवच पुढे मागून नेले गेले, हे विसरू नका! अमेरिकेला मात्र ही उपमा विलक्षण लागू पडते. दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढीवर निर्बंध आले, तेव्हा कामगार मिळावेत म्हणून मालकांनी आजारपणाच्या विम्याची जोड देण्यास सुरुवात केली. पुढे करसवलतीने ती पद्धत पक्की झाली आणि कवच नोकरीला शिवले गेले. नोकरी सुटली की कवचही उतरते, आणि गंभीर आजारात नोकरी सुटण्याचीच शक्यता अधिक. मला स्वतःला 'छत्र' अधिक आवडते, कारण छत्र दुसरा कोणीतरी आपल्यावर धरतो.

शब्दनिष्ठ
छत्र राजावर धरतात. नागरिकावर सरकारने छत्र धरले की तो आश्रित होतो. आपल्याला हक्क म्हणायचा आहे की कृपा?

ओहायोवासी
हाच प्रश्न 'मोफत' या शब्दाचाही आहे. 'फुकट'मध्ये तुच्छता आहे, 'मोफत'मध्ये दान आहे, आणि दोन्ही खोटे आहेत, कारण पैसे करदाते भरतातच. इथले काही लोक म्हणतात की १९८६ च्या कायद्यानुसार आपत्कालीन विभागाला प्रत्येक रुग्ण तपासावाच लागतो, त्यामुळे सर्वांना संरक्षण आहेच. तो कायदा रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करण्यास सांगतो. नंतर येणाऱ्या बिलाबद्दल तो काहीही करत नाही, आणि मधुमेहाचे वर्षभराचे औषधही देत नाही. त्याला 'उपचार' म्हणा, 'संरक्षण' म्हणू नका. जो देश आपल्या उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक आरोग्यावर खर्च करतो आणि तरीही कोट्यवधी लोकांना विम्याबाहेर ठेवतो, त्याला परवडत नाही हे उत्तर देता येणार नाही.

फारसीप्रेमी
'मोफत' मूळ 'मुफ्त'. आणि 'हक्क' अरबी आहे, हे शब्दनिष्ठांच्या लक्षात आहे ना?

शब्दनिष्ठ
आहे. 'अधिकार' लिहिला असता, पण त्याला कचेरीचा वास येतो.

भाषांतरी
संपादकांशी बोललो. ब्रिटनच्या परिच्छेदातून 'विमा' काढायला ते तयार झाले. 'वैश्विक' मात्र शीर्षकात गेले आहे आणि शीर्षक छापून झाले आहे. 'डिडक्टिबल' अजून तसाच पडून आहे. 'वजावट' नको, हे पटले. 'आधीचा स्वखर्च' कसे वाटते?

जुनी पाटी
'स्वखर्चाने' म्हटले की मराठी वाचकाला हौस आठवते. माणूस स्वखर्चाने तीर्थयात्रेला जातो, शस्त्रक्रियेला नव्हे.