डोंगराला जाळपट्टा काढायचाय, पण भावकी ऐकंना

पोटखराबा_पाटोदा
राम राम मंडळी. बालाघाटाच्या डोंगरात आमचा सलग पन्नास-एक एकर पोटखराबा आहे. सातबारे सात, सगळे भावकीतलेच. वर सीताफळ, धावडा, हिवर, बाकी सगळं कुसळी गवत. औताच्या कामाचं नाही, पण सीताफळाचे चार पैसे होतात, शेळ्यांचं भागतं.

गेल्या शिमग्याच्या आठ दिवस आधी खालच्या शिवारात कुणीतरी बांध पेटवला. भर दुपार, वर वारा. मी विहिरीवर मोटारीच्या नादी लागलेला. धूर बघून पळालो तवर जाळ अर्ध्या डोंगरावर. चढाला लागलेल्या जाळाला माणूस गाठू शकत नाही राव. आम्ही तिघंच: मी, सत्तरीतला चुलता आणि शेळ्या राखणारं एक पोरगं. लिंबाचे ढाळे घेऊन झोडपलं. बाकी गाव कोयत्यावर, कारखान्याला ऊस तोडायला. अंधार पडला, वारा पडला, तेव्हा कुठं विझलं. सकाळी बघितलं तर सीताफळाच्या बुडाची साल पापडासारखी सुटलेली, बोट लावलं की हातात. पावसाळ्यात बुडातून फूट आली, पण फळ एक नाही.

आता सगळ्यांनी मिळून जाळपट्टा काढावा, म्हणजे जाळ अडावा म्हणून गवत काढलेली मोकळी पट्टी, म्हणून दसऱ्याला बसलो. एक भाऊ म्हणतो, "माझ्यातून पट्टा काढला की उद्या तिथून ट्रॅक्टर, परवा तहसीलला रस्त्याची केस." एक पुण्यात असतो, तो फोनवर म्हणतो, "माझं तिथं काय जळतंय?" तिसऱ्याचं म्हणणं, जळालं की गवत जोरात येतं. वरून अडचण अशी की कोयता दिवाळीच्या आगंमागं निघतो, तेव्हा गवत हिरवंच. वाळतं तेव्हा गावात म्हातारे. कुणी जमवलंय का हे?

कन्नडचा शेळीवाला
दादा, हद्दीवरून पट्टा काढायच्या भानगडीत पडूच नका. आमचा डोंगर गौताळ्याच्या कडेला, खातेदार चौघं. दोन वर्षं हद्दीवरच भांडलो. मग नाला, गाडीवाट आणि मधला उघडा खडक धरला. तिथं तसंही जाळ थांबतो. नुसतं मधलं अंतर जोडायचं राहिलं. गवत कमरेएवढं असेल तर पंधरा-वीस फूट तरी रुंद घ्या, खालच्या अंगाला जास्तच.

कोयतेवाले लागतच नाहीत. पट्ट्यातलं गवत जो कापेल त्याचं, एवढंच जाहीर करा. मार्गशीर्षात म्हशीवाले आपणहून येतात. बुडाशी कापायला लावा आणि कापलेलं तिथं पडू देऊ नका, नाहीतर सरण रचल्यासारखंच. राहिलेली खुरटं पौषात सकाळी दंव असताना जाळायची, वरून खाली येत, दोन्ही बाजूंना पाण्याचे डबे घेऊन माणसं. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतं, त्याच्या आत उरकायचं. शेजारी राखीव जंगल असेल तर वनरक्षकाला आधी सांगा. जंगलाला धोका होईल असा जाळ लावणं 1927 च्या वन कायद्यात गुन्हा आहे. जमत नसेल तर जाळूच नका, खरडून काढा.

निवृत्त तलाठी, केज
तुमच्या भावाची भीती अगदीच वेडी नाही. महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली रस्ता मागतात तो हद्दीवरूनच. त्यामुळे पट्टा बांधापासून लांब ठेवा, हे वरच्यांनी सांगितलं ते त्याही अंगानं बरोबर. 500 च्या स्टॅम्पवर सात जणांच्या सह्या घ्या: पट्टा आगीपुरता, वहिवाटीचा नाही. सोबत गट नंबर टाकून हातनकाशा. पट्ट्याच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या टाकून ठेवा, म्हणजे वाहन शिरायचा प्रश्न नाही. पट्ट्यात झाड आलं तर विचारल्याशिवाय तोडू नका. आणि सातबाऱ्यावर 1975 च्या कायद्यानं खाजगी वनाची नोंद पडली आहे का, ते एकदा बघाच.

माळरान_धाराशिव
जळाल्यावर गवत जोरात येतं खरं, पण येते ती कुसळीच. जाळ तिला सोसतो. दरसाल जाळत गेलं की मारवेलसारखं चांगलं चाऱ्याचं गवत मागं पडतं. त्या भावाला विचारा, कुसळं धरल्यावर त्याची शेळी ते खाते का. पुण्यावाल्याला सांगा, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, तेच त्याच्या वाटणीत जळतंय.

पोर्तुगालमध्येही हेच दुखणं: खेडी ओस, रानाचे तुकडे, मालक शहरात. 2003 ला मोठे वणवे लागले आणि 2005 ला तिथं कायदा झाला. लहान मालकांनी एकत्र येऊन सलग रानाचा एकच आराखडा करायचा. तुमचे तर सातच आहेत, तेही एका आडनावाचे. (म्हणूनच अवघड असेल म्हणा.)

पोटखराबा_पाटोदा
काल परत बसलो. गाडीवाट ते नाला, मधी खडक, असं ठरलं. जोडायचं अंतर तीनशे पावलं भरलं, मीच मोजलं. रस्त्यावाला भाऊ आता म्हणतो, स्टॅम्पचे पाचशे कोण देणार? मी देतो म्हणलं तर, "मग पुण्यावाल्यानं का नाही?" पुण्यावाल्याला फोन लावला, त्यानं तिथल्या तिथं हजार पाठवले. वरच्या पाचशेवरून आता अर्धा तास भांडण झालं.

शनिवारी चुलता आणि मी चुन्याची फक्की घेऊन रेघ मारायला जातोय. गवतासाठी दोन म्हशीवाले आत्ताच विचारून गेले.