डीमार्टला दहा मिनिटवाले खाणार का?

प्रश्न: ब्लिंकिट, झेप्टो ही अ‍ॅपवाली मंडळी दहाएक मिनिटांत दारात सामान आणून देतायत, मग डीमार्टच्या बिलिंगच्या रांगेत उभं कोण राहणार?

मिलिंद: महिन्याचा किराणा भरणारे राहणारच की. 2002 ला पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणींचं गणित तेच, जागा शक्यतो विकतच घ्यायची म्हणजे भाड्याची कटकट नाही, सप्लायरचे पैसे पटकन चुकते करायचे अन् त्याच जोरावर भाव पाडून घ्यायचा, म्हणून एमआरपीच्या खाली विकूनही परवडतं.

रेवा: पण हल्लीची पोरं महिन्याची यादी करतात कुठे? कोथिंबीर संपली की मोबाईल काढतात.

किराणावाला_सातारा: छोट्या ऑर्डरवर डिलिव्हरीचा खर्च निघत नाही, म्हणून तर हँडलिंग फी लावतात. खरा मार आम्हा कोपऱ्यावरच्या दुकानांना, आमच्याकडे उधारी सोडली तर दुसरं हत्यार काय?