सून बाळंतीण आहे. माझ्या मदतीचाच तिला त्रास होत असेल का?

मी ६२ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा आणि सून पुण्यात राहतात, आणि सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी साताऱ्याहून त्यांच्याकडे आले आहे. पहिली नात साडेचार वर्षांची आहे, दुसरी आता नऊ आठवड्यांची झाली. पहिल्या खेपेला सून माहेरी गेली होती. या वेळी विहीणबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे जबाबदारी माझ्याकडे आली आणि मी ती आनंदाने घेतली.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, बाळाला न्हाऊ घालायला बाई, यांत मी काही कमी पडू दिले नाही. पहिल्या आठवड्यात सून मधूनच रडत असे, तेव्हा मी घाबरले नाही, कारण बऱ्याच बाळंतिणींना तसे होते आणि दोन आठवड्यांत ते ओसरते, हे मला ठाऊक होते. आता मात्र बाळ शांत झोपलेले असतानाही ती जागी असते, दोन घास खाऊन ताट सरकवते, आणि बाळ रडू लागले की "आई, घेऊ का हिला?" असे मला विचारते. जी मुलगी कार्यालयात ३० माणसांचे काम सांभाळते, तिला स्वतःच्या लेकीला उचलण्यासाठी माझी परवानगी लागावी, हे मला सहन होत नाही.

मागच्या रविवारी माझी धाकटी जाऊ बाळाला पाहायला आली आणि निघताना "पुढच्या खेपेला तरी मुलगा होऊ दे" असे म्हणाली. मी काहीच न बोलता चहाचे कप उचलून आत गेले. मुलगाही मोबाइलमधून डोके वर काढीना. त्या रात्री सून जेवली नाही. मुलाने कारण विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, "या घरात माझ्या बाजूने बोलणारं कोणी नाही."

तेव्हापासून मी माझीच वाक्ये आठवून पाहत आहे. "हिला दूध पुरत नाही वाटतं." "आमच्या वेळी सव्वा महिना झाला की आम्ही भाकऱ्या थापायला बसायचो." यातले दुसरे वाक्य तर धड खरेही नाही, कारण १९९१ मध्ये मुलगा झाल्यावर मी कित्येक दिवस न्हाणीघरात नळ सोडून रडत होते आणि ते आजवर कोणाला सांगितलेले नाही.

डॉक्टरांचे नाव काढले की सून म्हणते, "मला वेड लागलंय असं वाटतं का तुम्हाला?" मुलगा म्हणतो, "होईल आपोआप ठीक." मी साताऱ्याला परत जावे का? की थांबावे, आणि थांबायचे असल्यास वागण्यात नेमका काय बदल करावा?

प्रतिसाद:
ताई, मी प्रसूतिकक्षात परिचारिका होते. एकाएकी निघून जाऊ नका, त्याचा दोष ती स्वतःकडेच घेईल. नऊ आठवडे टिकलेली ही लक्षणे डॉक्टरांना दाखवायलाच हवीत. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडल्यानेही, किंवा रक्त कमी असल्यानेही असाच थकवा आणि उदासी येऊ शकते. त्यामुळे रक्त तपासण्याच्या निमित्ताने प्रसूतितज्ज्ञांकडे जाणे तिला जड जाणार नाही. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबर्ग प्रश्नावली तिथे भरून घेता येते. गेल्या ७ दिवसांबद्दलचे १० साधे प्रश्न असतात आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. गरज पडल्यास अंगावर पाजतानाही चालणारी औषधे डॉक्टर देऊ शकतात.

गोव्यात २७० मातांचा अभ्यास झाला होता, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६ ते ८ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांना नैराश्य आढळले, आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध व मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध दिसला. म्हणून पहिले बोलणे मुलाशी करा. ती मरणाचे किंवा बाळाला इजा करण्याचे बोलली, अथवा तिला भास होऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनाशुल्क बोलता येते.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर:
मनापासून आभार. जावेला मी फोन करून स्पष्ट सांगितले. ती रुसली आहे, रुसू दे. मुलाला न्हाणीघराची गोष्ट सांगितली, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने शुक्रवारची वेळ घेतली. रक्त तपासायला सून तयार झाली आहे. आता विहीणबाई वॉकर घेऊन का होईना, इकडे येऊन राहायचे म्हणत आहेत. दोन खोल्यांच्या घरात दोन आज्या असणे तिला आधार वाटेल की आणखी दडपण? तिलाच विचारले, तर "तुम्ही ठरवाल तसं" एवढेच म्हणाली, आणि त्या उत्तरावर विसंबून ठरवायला माझे मन धजत नाही. ज्यांच्या घरी असे झाले असेल त्यांनी कृपया लिहावे.