मदत हवी आहे : रिझाल कायद्यासारखी मागणी महाराष्ट्रात कधी झाली होती का?

नमस्कार मंडळी. दादरच्या आमच्या शाळेत नववीच्या मुलांची वादविवाद स्पर्धा आहे. विषय : राष्ट्रपुरुषाचं मूळ लिखाण शाळेत सक्तीचं असावं का? तयारी माझ्याकडे आली आहे.

फिलिपिन्सचं उदाहरण जमलंय. तिथे 1956 च्या कायद्याने तिथला राष्ट्रपुरुष होसे रिझालच्या दोन कादंबऱ्या शिकवणं शाळा-कॉलेजांना बंधनकारक झालं. सिनेटर रेक्टो आग्रही, कॅथलिक चर्च कडाडून विरोधात. तडजोड अशी की धार्मिक कारण शपथेवर लिहून दिलं तर कादंबऱ्या वाचण्यातून सूट, पण अभ्यासक्रमातून नाही. (न वाचण्यासाठी शपथपत्र! पोरं यावर जाम खूश आहेत.)

अडलंय ते आपल्याकडचं. 1987 चा बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथाचा वाद ठाऊक आहे, पण तो सरकारने छापलेल्या खंडाबद्दल होता, शाळेतल्या सक्तीबद्दल नव्हे. पाठ्यपुस्तकातले उतारेही नकोत, तो वेगळा मुद्दा. एका ग्रंथसंग्रहालयात दोन दुपारी घालवल्या, निवृत्त इतिहास शिक्षकांना विचारलं. हाती काही नाही. नेटवर तर नुसते फॉरवर्ड.

शनिवारपर्यंतच वेळ आहे, आणि मुंबईबाहेर जाणं जमणार नाही. मराठी, इंग्रजी दोन्ही चालेल. सक्ती बरी की वाईट यावर मतं नकोत, ती मुलंच मांडतील.

तर फुले, आंबेडकर, टिळक किंवा सावरकर यांचा संपूर्ण ग्रंथ शाळेत सक्तीचा करावा अशी मागणी महाराष्ट्राच्या विधिमंडळात कधी झाली होती का? झाली असल्यास साल कोणतं, आणि त्या चर्चेचं छापील कामकाज मुंबईत सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळेल?