मदत हवी आहे: शिक्षा संपली, दंडासाठी भाऊ अजून आत आहे

हिरकणी_७
धाकट्या भावाची शिक्षा संपली तरी दंड भरला नाही म्हणून सोडत नाहीत. दंडाच्या बदल्यात काम करून सुटता येतं, नवीन कायद्यात तसं आहे, असं ऐकलं. अर्ज कुठे द्यायचा? लवकर सांगा, आई जेवत नाहीये.

मधुकर_वाई
कलम कोणतं? दंड किती? निकालात नुसता दंड होता की कैद आणि दंड दोन्ही?

चाकरमानी
ताई, लोकअदालतीची तारीख बघा. माझ्या रिक्षावर ११ चलनं होती, बऱ्याच कमी पैशांत मिटली.

हिरकणी_७
चलन नाही हो, मारामारीची केस आहे. भाऊ तुरुंगात आहे.

कुळकायदा
हप्ते मागा. कोर्ट ३० दिवसांची मुदत देतं किंवा दोन-तीन हप्ते पाडून देतं आणि बंधपत्रावर सोडतं. आमच्या चुलत्यांना मिळाले होते.

मधुकर_वाई
तुमच्या चुलत्यांना नुसता दंड झाला असणार. हप्त्यांचं कलम, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४२४, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४६४, फक्त तेवढ्यापुरतंच आहे. कैद आणि दंड दोन्ही असतील तर ते लागत नाही.

कुळकायदा
अर्ज करून बघायला काय जातं?

मधुकर_वाई
आठवडा जातो. तो आठवडा तिचा भाऊ आत काढतो.

हिरकणी_७
भांडू नका प्लीज. कलम ३२४, घटना २०२२ ची. एक वर्ष सक्तमजुरी आणि १५,००० दंड, न भरल्यास सहा महिने साधी कैद. वर्ष संपून दोन महिने झाले. ९,००० जमलेत, बाकीचे कुठून आणू? म्हणून तर कामाचं विचारलं.

सातबारा
ही माहिती पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती ताई, त्यावरच सगळं आहे.

तुम्ही म्हणता ते काम म्हणजे समाजसेवेची शिक्षा. ती दंड विधानाच्या जागी आलेल्या न्याय संहितेत आली, पण ती १ जुलै २०२४ पासून आणि मोजक्या गुन्ह्यांना: पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी (माल परत केला तर), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, बदनामी वगैरे. मारहाण त्यात नाही आणि तुमची घटनाही आधीची. तो विचार सोडा.

पण पूर्ण १५,००० भरायची गरज नाही! तुमच्या केसला जुनं दंड विधान लागतं, त्याचं कलम ६९ वाचा. दंडापोटी जेवढे दिवस आत काढले तेवढ्या प्रमाणात दंड फिटतो. सहा महिन्यांना १५,००० म्हणजे महिन्याला २,५००. दोन महिन्यांचे ५,००० गेले. उरलेले १०,००० भरा, तो त्याच दिवशी सुटायला हवा. ९,००० वरच थांबलात तर अजून साधारण १२ दिवस. मी दहा वर्षं कोर्टात कारकुनी केली; हे माहीत नसल्यामुळे लोक पुरे सहा महिने काढताना पाहिलेत, वाईट वाटतं.

राईनकाठ
आमच्या जर्मनीत तिकिटाविना प्रवास करून दंड न भरणारेही आत जातात. तिथे दंड दिवसांच्या हिशोबात ठरतो; १ फेब्रुवारी २०२४ पासून दोन दिवसांच्या दंडामागे एक दिवस कैद झाली, पूर्वी एकास एक होती. तिथे कैदेऐवजी काम करता येतं आणि फ्रायहाइट्सफोंड्स नावाचा उपक्रम देणग्या गोळा करून लोकांना सोडवतो. आपल्याकडेही असं व्हायला हवं.

मधुकर_वाई
यावर वेगळा धागा काढा, मी येईन. इथे आधी पोरगा सुटू दे.

अनुराधा_लातूर
गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, २५,००० पर्यंतचा दंड सरकार भरतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. फोन १५१००.

सातबारा
योजना चांगलीच आहे, पण त्यासाठी जिल्ह्याच्या समितीची मंजुरी लागते. हजार रुपयांसाठी तिची वाट बघू नका. वकील मात्र प्राधिकरणाकडूनच घ्या, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत मिळतो.

हिरकणी_७
निकालाची प्रत आमच्या वकिलाकडे आहे, तो फोन उचलत नाही.

सातबारा
कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत कोर्टाने फुकट द्यायची असते, त्यामुळे भावाकडेही असेल. नसली तर तुरुंगात वॉरंट आहे, त्यावर दंड आणि कैद दोन्ही लिहिलेलं असतं.

हिरकणी_७
मावशी १,००० देतेय. उद्या पहाटेच्या एसटीने निघते. पैसे तुरुंगात भरायचे की कोर्टात?

सातबारा
आधी तुरुंगात जा. दंडाची कैद कोणत्या तारखेपासून मोजली ते अधीक्षकांकडून लिहून घ्या, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पैसे कुठे भरायचे ते तेच सांगतील. पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका.