मदत हवी आहे: हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचमधलंच रसायन) न वापरता रूट कॅनाल धुवायची आहे, त्रिफळा चालेल का?

राजवाडा_चौक: नमस्कार मंडळी. इंदूरला दवाखाना आहे. पेशंट काकूंची खालची पहिली दाढ, नस मेलेली, मुळाशी एक्स-रेत काळी सावली. घरातल्या ब्लीचने काकूंचा हात लालबुंद होतो, म्हणून हायपो नको म्हणतात. सियागंजातून त्रिफळा आणून काढा करून देते म्हणाल्या! कडुनिंब, ग्रीन टी, नोनी (एक फळ) यांवरचे पेपर मीही पाहिलेत. काय करू?

मुळापासून: काढा नको. हायपो दोन कामं करतं: जंतू मारतं आणि मेलेली नस विरघळवतं. त्रिफळा, ग्रीन टीचे निकाल एन्टेरोकॉकस फिकॅलिसवर (कॅनालमध्ये चिवटपणे टिकणारा जंतू) चांगले आलेत, पण ते काढलेल्या दातांवर, प्रयोगशाळेत. नस विरघळवण्याचं काम यांपैकी कुणाकडूनही होत नाही. घरी करून बघा: कोंबडीच्या मांसाचे दोन बारीक तुकडे घ्या, एक ३ टक्के हायपोत, एक गाळलेल्या काढ्यात. पहिल्याला बुडबुडे येतात आणि तो झिजत जातो. दुसरा तपकिरी होऊन आवळतो, कारण त्रिफळ्यातलं टॅनिन प्रथिनं साकळवतं. कॅनालच्या फाट्यांत तेच झालं तर साफ कसं होणार?

शिवाय चूर्णाचे कण ३० गेजच्या (अगदी बारीक) सुईत अडकतात, आणि निर्जंतुक न केलेलं पाणी मुळाच्या टोकाला पोचतं ते वेगळंच. हळदीचं तर नाव नको, पाण्यात नीट विरघळत नाही आणि दात पिवळा पडतो.

खातीवाला_टँक: सहमत. आधी अ‍ॅलर्जी खरी की नुसती जळजळ ते त्वचारोगतज्ज्ञाकडून ठरवा. घरचं ब्लीच हाताला जाळतंच, म्हणजे अ‍ॅलर्जी असेलच असं नाही. जळजळच निघाली तर रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावून, बाजूला छिद्र असलेल्या सुईने, टोकापासून १–२ मि.मी. अलीकडे, दाब न देता हायपो चालतं. सुई कॅनालमध्ये घट्ट बसू देऊ नका, सतत वर-खाली हलवत राहा. बाटली मे महिन्यात खिडकीत ठेवली असेल तर क्लोरीन उडालेलं असतं. मग "हायपोपेक्षा काढा बरा" असंच वाटणार.

राजवाडा_चौक: आणि अ‍ॅलर्जी खरीच निघाली तर?

मुळापासून: मग सलाईनने भरपूर धुवा, अल्ट्रासॉनिकने हलवा आणि फायलिंग (बारीक कानशीने कॅनाल घासणं) जास्त काळजीने करा, कारण मेलेली नस आता यंत्रानेच काढायची आहे. स्मिअर लेयर (घासल्यावर भिंतींवर बसणारा भुशाचा थर) काढायला १७ टक्के ईडीटीए द्रावण, १ मिनिट. शेवटी २ टक्के क्लोरहेक्सिडिन, जंतू मारायला. गुळण्यांची बाटली घेऊ नका, ती ०.२ टक्क्यांची असते, दहापट फिकी. क्लोरहेक्सिडिनचीही अ‍ॅलर्जी असते, क्वचित जीवघेणी, ती आधीच विचारा. दोन भेटींच्या मध्ये कॅनालमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवा.

खातीवाला_टँक: एक राहिलं. ईडीटीएनंतर लगेच क्लोरहेक्सिडिन गेलं तर पांढरा साका बसतो. मध्ये सलाईनने धुऊन पेपर पॉइंटने (कागदाची बारीक काडी) कोरडं करा. हायपोबरोबर तर साका नारिंगी-तपकिरी येतो, दातावर डाग राहतो, तेव्हा तिथेही हेच.

राजवाडा_चौक: धन्यवाद. सोमवारी त्वचारोगतज्ज्ञाला चिठ्ठी देते. काकूंना सांगते, त्रिफळा रात्री कोमट पाण्याबरोबर घ्या, दाढेत नको.